दात हलतो, हाड कोण खाते?

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी विज्ञानशिक्षकांचे शिबिर होते. तेथे ‘पेशींची ओळख’ या विषयावर आमचे व्याख्यान झाले. चहाच्या वेळी पन्नाशी ओलांडलेले एक शिक्षक जवळ आले आणि त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढून आमच्या हाती दिले. आत दातांचे क्ष-किरण चित्र होते. नावाआधी ‘डॉ.’ लागले की हा प्रसंग ठरलेलाच. आम्ही दंतवैद्य नाही, असे त्यांना सांगितले. त्यावर ते म्हणाले, “ते ठाऊक आहे सर. पण तुम्ही हाडांच्या पेशींवर काम करता, असं आत्ताच म्हणालात. मग मला एवढं सांगा. माझ्या एकाही दाताला कीड नाही. आजवर एकही दात दुखलेला नाही. तरी खालचे पुढचे दोन दात हलतात. डॉक्टर म्हणतात, दाताभोवतीचं हाड गेलं. दात शाबूत आणि हाड गेलं, हे कसं? आणि गेलं म्हणजे कुठं गेलं? सहा महिने कॅल्शियमच्या गोळ्या घेतोय, काही फरक नाही.”

चहाच्या दहा मिनिटांत जमेल तेवढे सांगितले. परंतु ‘गेलं म्हणजे कुठं गेलं’ हा त्यांचा प्रश्न आमच्याबरोबर परत आला. दात किडतो कसा, हे आपण शाळेत शिकवतो. जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे कवच विरघळते. त्याच धर्तीवर, हिरड्यांच्या रोगात जिवाणू हाड खात असावेत, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात जिवाणू हाड खात नाहीत. ते हाड आपले शरीरच काढून टाकते. असे का, याचा उलगडा व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध जवळजवळ सगळा खर्ची पडला.

दाताची खोबण

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला असतो, अशी आपली समजूत असते. वस्तुतः दाताचे मूळ आणि हाडाची खोबण यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर फट असते आणि ती असंख्य बारीक तंतूंनी भरलेली असते. तंतूंचे एक टोक मुळात, दुसरे हाडात. बाजेच्या चौकटीत सुंभ ताणून बसवावा, तसा दात या तंतूंवर तोललेला असतो. कडक चिक्की चावताना बसणारा दणका त्यामुळे थेट हाडावर आदळत नाही.

खोबणीचे हे हाड दातासाठीच असते. दात उगवताना ते घडत जाते आणि दात पडला की झिजू लागते. सगळे दात गेलेल्या आजीची हनुवटी नाकाजवळ आल्यासारखी दिसते, ती यामुळे. निरोगी माणसाच्या क्ष-किरण चित्रात हाडाची वरची कड, दाताचे चकचकीत कवच जिथे संपते त्याच्या एक-दोन मिलिमीटर खालीच दिसते. गुरुजींच्या चित्रात दोन दातांच्या बाबतीत ती मुळाच्या निम्म्याहून खाली उतरली होती. निम्मा खांब जमिनीबाहेर आला, तर तो हलणारच. एक गोष्ट येथे सांगून ठेवली पाहिजे. हाडातील खनिजाचा बराच मोठा वाटा गेल्याशिवाय ही झीज क्ष-किरण चित्रात उमटत नाही. म्हणजे चित्र नेहमी थोडी जुनी बातमी सांगत असते.

आता जिवाणूंकडे वळू. दातांवर रोज एक चिकट, पांढुरका थर जमतो, त्याला प्लाक म्हणतात. हे अन्नाचे कण नव्हेत. ती जिवाणूंची दाट वस्ती असते. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लीवेनहूक यांनी १६८३ साली आपल्याच दातांच्या फटीतला हा थर खरवडून स्वतः घडवलेल्या भिंगाखाली पाहिला आणि त्यातील वळवळणाऱ्या जिवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवले. आपल्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखालीही, चारशेपट वर्धनात, हा देखावा मुलांना दाखवता येतो. आमचा अनुभव असा की त्या दिवसानंतर वर्गात दात घासण्याविषयी भाषण द्यावे लागत नाही.

हा थर आणि हिरड्यांची सूज यांचा संबंध हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली डेन्मार्कमधील आरहूस येथे अगदी सरळ प्रयोगाने दाखवला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, दात घासणे पूर्ण बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या लाल झाल्या, सुजल्या. दात पुन्हा स्वच्छ ठेवू लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. सूज जिवाणूंच्या थरामुळे येते आणि थर काढला की जाते, हे पक्के झाले.

या प्रयोगात हाडाला मात्र धक्का लागला नव्हता. सूज वर्षानुवर्षे राहिली आणि ती खोलवर गेली, की काही जणांत हिरडी मुळापासून सुटते, दात व हिरडी यांमध्ये खोल कप्पा तयार होतो आणि हाड उतरू लागते. यालाच आपण पायोरिया म्हणतो. मग साधा तर्क असा की जितका थर जास्त तितके हाड जास्त जाणार. लो यांनाही ते तपासायचे होते.

१९७० साली त्यांच्या गटाने श्रीलंकेतील चहामळ्यांत काम करणाऱ्या ४८० पुरुष मजुरांच्या तोंडाची तपासणी सुरू केली आणि पुढे पंधरा वर्षे वेळोवेळी ती चालू ठेवली. या लोकांना दात घासण्याची सवय नव्हती आणि दंतवैद्य त्यांच्यापर्यंत पोचलेला नव्हता. कोणताच उपचार होत नसलेल्या माणसांची अशी नुसती नोंद ठेवण्यास आजची कोणतीही नीतिसमिती सहजासहजी मान्यता देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या नोंदींतून निघालेली गोष्ट विलक्षण होती. प्लाक सर्वांच्याच दातांवर होता, किटणही होते, हिरड्या जवळजवळ सर्वांच्या सुजलेल्या होत्या. तरीही सुमारे ८ टक्के मजुरांच्या दातांची पकड झपाट्याने सुटली, ८१ टक्क्यांची मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांची जवळपास मुळीच सुटली नाही. वयाच्या पस्तिशीला पहिल्या गटात सरासरी नऊ मिलिमीटर पकड गेली होती, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात एकाहून कमी. आपल्या गुरुजींप्रमाणे या मजुरांचे दातही किडलेले नव्हते.

मळ तोच, हाड मात्र कुणाचे जाते, कुणाचे राहते. जिवाणू थेट हाड खात असते, तर असे झाले नसते.

आणखीही पुरावे होते. रोगट हिरडीचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर जिवाणूंची आघाडी आणि हाड यांच्यामध्ये साधारण अर्ध्यापासून अडीच मिलिमीटरपर्यंत अंतर आढळते. जिवाणूंच्या मानाने हे अंतर म्हणजे दोन गावांमधला माळ. त्या माळावर गर्दी असते ती आपल्याच श्वेतपेशींची. अलीकडचा, म्हणजे २०११ सालचा एक प्रयोगही सांगण्याजोगा आहे. पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जिवाणू या रोगातला नावाजलेला गुन्हेगार. परंतु पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या तोंडात एकटा हाच जिवाणू सोडला, तर हाड जात नाही. नेहमीच्या उंदरांत, तोंडातल्या इतर जिवाणूंच्या संगतीत, तो अगदी थोड्या संख्येने असला तरी हाड जाते. आणि ज्या उंदरांत प्रतिकारव्यवस्थेच्या साखळीतला एक ठराविक दुवा जन्मतःच नाही, त्यांत सगळे जिवाणू असूनही हाड टिकते.

हाड काढणारी पेशी

हाड म्हणजे दगड, ही समजूत आधी काढून टाकू. त्यासाठी वर्गात करता येण्यासारखा एक जुना प्रयोग आहे. कोंबडीच्या तंगडीची दोन स्वच्छ हाडे घ्या. एक चार-सहा दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मधून मधून व्हिनेगर बदला. हाड बाहेरून तसेच दिसेल, पण बोटांनी वाकवता येईल. त्यातले कॅल्शियमचे खनिज आम्लात विरघळले आणि कोलॅजेन या प्रथिनाचे जाळे तेवढे उरले. दुसरे हाड ज्योतीवर चांगले भाजा. आता प्रथिन जळून गेले, खनिज उरले. हाड कडक आहे, पण दाबताच भुगा होते. (काही शाळांत वर्गात हाड आणणे पालकांना रुचत नाही. तेथे खनिजाचा भाग अंड्याच्या टरफलावर भागवता येतो. अंड्यालाही हरकत असेल तर आमचा इलाज नाही.)

सांगायचे ते असे, की हाड काढून टाकायचे तर दोन कामे करावी लागतात. आम्लाने खनिज विरघळवायचे आणि विकराने प्रथिन तोडायचे. शरीरात ही दोन्ही कामे करणारी एक खास पेशी आहे, ऑस्टिओक्लास्ट. कोलिकर या जर्मनीत काम करणाऱ्या स्विस शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये तिला हे नाव दिले. आपण तिला अस्थिभक्षक पेशी म्हणू. रक्तातून येणाऱ्या अनेक भक्षकपेशी एकमेकींत मिसळून ही एक अवाढव्य पेशी बनते, म्हणून तिच्यात एक नव्हे, कित्येक केंद्रके असतात. ती हाडावर बसते आणि वाटी पालथी घालावी तशी आपली कड हाडाला घट्ट चिकटवते. वाटीखालच्या बंद जागेत ती आम्ल सोडते. तिथला सामू सुमारे साडेचारपर्यंत उतरतो. खनिज विरघळले की कॅथेप्सिन-के नावाचे विकर कोलॅजेन तोडते. पेशी पुढे सरकते, मागे एक खळगा राहतो. आमच्या प्रयोगशाळेत उंदराच्या मज्जेतील पेशींपासून अशा पेशी वाढवतो. पाच-सहा दिवसांत त्या हाडाच्या पातळ कापावर तयार होतात आणि काप धुऊन पाहिला की त्यावर उंदरांनी भाकरी कुरतडल्यासारखे खळगे दिसतात. इतकी वर्षे पाहतो आहोत, तरी दर वेळी पाहावेसे वाटते.

गुरुजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. हाड कुठे गेले? विरघळून रक्तात गेले. त्यातले कॅल्शियम शरीरात इतरत्र वापरले गेले किंवा लघवीवाटे बाहेर पडले.

ही पेशी काही रोगाने निर्माण केलेली नाही. ती नसती तर आपण जगलोच नसतो. सांगाडा सतत थोडा थोडा मोडून पुन्हा बांधला जात असतो. प्रौढ माणसात वर्षाला सुमारे दहावा हिस्सा. अस्थिभक्षक पेशी जुने हाड काढते, मागोमाग अस्थिजनक पेशी येऊन नवे भरते. पहिली-दुसरीतल्या मुलाचा पडलेला दुधाचा दात नीट पाहा. त्याला मूळ नसते. ते तुटलेले नसते. याच जातीच्या पेशींनी ते विरघळवलेले असते, म्हणून तर दात अलगद निघतो. आठवी-नववीत काही मुलांच्या दातांवर तार दिसते. तारेने दात सरकतो तो हाड दबून नव्हे. दाब पडतो त्या बाजूचे हाड या पेशी काढतात, ताण पडतो त्या बाजूला नवे हाड भरले जाते, आणि दात आपल्या खोबणीसकट जागा बदलतो. तेथे काढणे आणि भरणे यांचा तोल राखलेला असतो. पायोरियात काढणे चालू राहते आणि भरणे मागे पडते.

हुकूम कोणाचा?

मग पुढला प्रश्न उभा राहतो. हिरडीजवळच्या हाडावर या पेशींना बोलावते कोण?

पहिला धागा १९७२ साली अमेरिकेत हाती लागला. हॉर्टन, रेझ आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या रक्तातील श्वेतपेशी काचपात्रात घेतल्या आणि त्यांच्यावर दातावरच्या प्लाकमधील द्रव्ये टाकली. काही काळाने पेशी बाजूला काढून त्यांच्याभोवतीचा द्रव तेवढा घेतला आणि तो उंदराच्या गर्भातील हाडाच्या तुकड्यांवर घातला. या हाडांत आधीच किरणोत्सारी कॅल्शियम भरून ठेवलेले होते, म्हणजे हाड विरघळू लागले की ते मोजता यावे. ते भराभर बाहेर पडू लागले. प्लाकने डिवचलेल्या श्वेतपेशी असे काहीतरी द्रवात सोडत होत्या, की ज्याने अस्थिभक्षक पेशी कामाला लागत होत्या. हे ‘काहीतरी’ शुद्ध स्वरूपात ओळखायला १९८५ साल उजाडले. ते निघाले इंटरल्यूकिन-१, म्हणजे शरीरात कुठेही दाह झाला की श्वेतपेशी एकमेकींना जो इशारा देतात, त्यांपैकी एक. तापातही हाच रेणू असतो. हाडासाठी राखून ठेवलेला कोणी वेगळा दूत नव्हता. दरम्यान, हिरडीच्या सुजेत प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य वाढते आणि तेही हाड काढायला लावते, हे दिसून आले होते.

पण इशारे अनेक आणि काम एकच, हे कोडे राहिले होते. ते १९९७-९८ मध्ये सुटले. अमेरिका व जपानमधील दोन गटांना स्वतंत्रपणे एकच जोडी सापडली. आधी सापडले ऑस्टिओप्रोटेजेरिन, हाड राखणारे प्रथिन. मग ते ज्याला अडवते ते, रँकल नावाचे प्रथिन. सगळे इशारे शेवटी रँकलपाशी येऊन मिळतात. अस्थिजनक पेशी, दाताच्या तंतूंतील पेशी आणि सुजलेल्या हिरडीत जमलेल्या लसिकापेशी आपल्या पृष्ठावर रँकल मांडतात. भक्षकपेशीला ते भेटले की तिची अस्थिभक्षक पेशी होते. ऑस्टिओप्रोटेजेरिन मध्येच रँकलला जाऊन चिकटते, हुकूम पोचतच नाही. दोहोंपैकी कोणाचे पारडे जड, यावर हाड राहणार की जाणार हे ठरते. पायोरिया झालेल्या हिरडीत रँकलचे पारडे जड झालेले असते.

हे केवळ सोबत आढळणे नाही, हे २००० साली कॅनडातील प्रयोगाने दिसले. ज्या उंदरांना स्वतःची प्रतिकारशक्ती नाही, अशांच्या शरीरात हिरड्यांचा रोग असलेल्या माणसांच्या लसिकापेशी सोडल्या आणि त्यांना रोगकारक जिवाणूंचा संसर्ग केला. उंदरांचे जबड्याचे हाड झडू लागले. ऑस्टिओप्रोटेजेरिन टोचल्यावर ते बरेचसे वाचले. जिवाणू होते तसेच होते. फक्त हुकूम अडवला होता.

येथवर आल्यावर विद्यार्थी हटकून विचारतात: शरीर इतके मूर्ख कसे? स्वतःचे चांगले हाड कशाला काढील?

वणव्याच्या दिवसांत जंगलखात्याची माणसे जाळरेषा काढतात, ती अनेकांनी पाहिली असेल. जंगलाच्या कडेची एक पट्टी साफ करून टाकायची, गवत-झुडूप काही ठेवायचे नाही, म्हणजे आग आली तरी पलीकडे जाणार नाही. आमच्या समजुतीप्रमाणे हाड मागे घेणे ही अशीच जाळरेषा आहे. हाडात जिवाणू शिरणे ही फार गंभीर बाब असते. आतवर औषध आणि श्वेतपेशी दोन्ही पोचणे अवघड. तेव्हा संसर्गापासून हाड दूर न्यायचे आणि मधल्या जागेत श्वेतपेशींचा पहारा बसवायचा, हे शहाणपणाचेच आहे. तोंडात इतके जिवाणू असूनही जबड्याच्या हाडात संसर्ग क्वचितच होतो. ज्यांच्या अस्थिभक्षक पेशी जन्मतः निकामी असतात, त्यांना मात्र जबड्याच्या हाडाचे चिवट संसर्ग वारंवार होतात. हाडे ठिसूळ होण्यावर २०१० पासून रँकलला अडवणारे डेनोसुमॅब हे औषध मिळते. ते चांगले काम करते, पण ते घेणाऱ्यांपैकी थोड्या रुग्णांत, विशेषतः दात काढल्यावर, जबड्याचे हाड उघडे पडून मरते. यामागची सगळी कारणे स्पष्ट झालेली नाहीत, तरी हाड काढणाऱ्या पेशींना जबड्यात सक्तीची रजा देणे धोक्याचे, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

मग बिघडते कुठे? आग विझत नाही, तिथे. आपली त्वचा, तोंडाचे अस्तर सतत गळून नवे होत असते आणि त्याबरोबर जिवाणूही निघून जातात. दाताचे तसे नाही. शरीरात दात हीच अशी जागा आहे, जिथे अस्तर भेदून एक कठीण, कधीच न गळणारा पृष्ठभाग बाहेर येतो. त्यावर जमलेला थर हिरडीखाली उतरला, की श्वेतपेशी त्याला उखडू शकत नाहीत, आणि मागे हटण्याचा हुकूमही थांबत नाही. जाळरेषा मागे, आणखी मागे सरकत राहते. ही माघार संथ आणि एकसारखी नसते. महिनोन्महिने काही घडत नाही, मग एखाद्या दाताभोवती अल्पावधीत बरेच हाड जाते, पुन्हा शांतता. दुखत तर सहसा नाहीच. शेवटी दात पडतो आणि आश्चर्य म्हणजे तेथली सूज बरी होते. काटा निघाल्यावर जखम भरावी तसेच ते असते.

श्रीलंकेच्या मजुरांत तीन गट का पडले, याचेही उत्तर बरेचसे इथेच आहे. जिवाणूंना कोणाचे शरीर किती आणि कसे उत्तर देते, यावर सारे अवलंबून असते. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते. एक दुर्मिळ आजार फार बोलका आहे. काही मुलांच्या श्वेतपेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू शकत नाहीत आणि त्यामुळे हिरडीत उतरतच नाहीत. अशा मुलांचे दात लहान वयातच हलू लागतात. पहारेकरी नसल्याने जिवाणू माजतात, असे आधी सोपे स्पष्टीकरण होते. परंतु पुढे दिसले की पहारेकरी पोचत नाहीत म्हणून शरीर त्यांना बोलावण्याचा इशारा वाढवतच नेते आणि तो न थांबणारा इशाराच हाड खातो. २०१७ साली अशा एका तरुणाला हा इशारा दाबणारे औषध दिले गेले. त्याच्या हिरड्यांचा दाह ओसरला. जिवाणूंवरचे हे औषधच नव्हते.

मधुमेहात श्वेतपेशी मंदावतात आणि एकदा सुरू झालेला दाह लवकर शमत नाही. पारडे रँकलकडे झुकते. उलट, हिरड्यांवर नीट उपचार केल्यास रक्तातील साखरेचा तीन महिन्यांचा जो निर्देशांक मोजतात, तो सुमारे ०.४ अंकांनी उतरतो. तंबाखूचे तर विचारू नये. धूम्रपान करणाऱ्यांचे हाड अधिक जाते आणि हिरड्यांतून रक्त मात्र कमी येते, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. धोक्याची घंटाच बंद. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका ‘हिरड्या घट्ट होतात’ असे सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तो घट्टपणाही बहुधा निकोटिनचाच.

आता कॅल्शियमच्या गोळ्या. घर पाडायचा हुकूम निघालेला आहे, पाडणारे कामावर आहेत, आणि आपण दारात विटांचा ढीग आणून टाकतो. गुरुजींचे हाड कॅल्शियम कमी पडले म्हणून गेलेले नव्हते. गोळ्यांनी त्यांचे नुकसान झाले नाही, सहा महिने तेवढे गेले.

हुकूम निघतो त्या ठिकाणी जायला हवे. म्हणजे मुळावरचा, हिरडीखालचा थर आणि किटण खरवडून काढणे. यावर आम्हाला हमखास ऐकायला मिळते, की दात साफ करून घेतल्यानेच दात हलायला लागले. गुरुजींच्या घरीही हाच आक्षेप होता. किटण हे लाळेतील खनिजांनी दगड झालेले प्लाक. शेजारच्या चार दातांवर ते सलग चढले, की मोडक्या हाताला प्लास्टर घालावे तसे दात एकत्र धरून ठेवते. ते काढले की दात हलतो. खरे तर तो आधीच सुटलेला होता. सुजलेली हिरडी बसते, मूळ उघडे दिसते, गार पाणी झोंबते. साफ करणारा बदनाम होतो आणि वर्गातली मुलेही घरून तेच ऐकून येतात. दुसरी तशीच गोष्ट म्हणजे घासताना रक्त आले की त्या जागी घासणे सोडून देणे. रक्त येते ते सुजेमुळे, आणि सूज थरामुळे. घासणे सोडले की थर वाढतो.

दाहच थोपवणारी औषधेही शोधली गेली. प्रोस्टाग्लँडिन अडवणाऱ्या औषधाने कुत्र्यांमधील हाडाची झीज मंदावते, हे १९८५ मध्येच दिसले होते. पण अशी औषधे वर्षानुवर्षे घेणे पोटाला आणि मूत्रपिंडांना परवडत नाही. डॉक्सिसायक्लिनची जिवाणू मारू न शकणारी अल्प मात्रा प्रथिन तोडणाऱ्या विकरांना आवरते. तिला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. खरवडण्याला जोड म्हणून तिचा थोडा उपयोग होतो, त्याऐवजी नाही.

आणि गेलेले हाड? ते सहसा आपोआप परत येत नाही. साफ झालेल्या मुळालगत हिरडीचे अस्तर भराभर खाली उतरते आणि जागा अडवते. संथपणे वाढणारे तंतू आणि हाड यांना तिथे पोचताच येत नाही. अस्तराला पडद्याने अडवून हाडाला वेळ मिळवून देण्याची शस्त्रक्रिया आहे, ती काही ठराविक आकाराच्या खळग्यांत चांगली साधते. एकसारखे सपाट उतरलेले हाड वर चढवणे अजून जमलेले नाही.

गुरुजींनी शिबिरानंतर दात साफ करून घेतले. पुढल्या वर्षी त्यांचे पत्र आले, त्यासोबत दोन क्ष-किरण चित्रांच्या प्रती होत्या, जुनी आणि नवी. हलणाऱ्या दोन दातांपैकी एक काढावा लागला होता. उरलेल्या दातांभोवतीची हाडाची कड आम्ही पट्टी लावून पाहिली. ती वर आलेली नव्हती आणि खालीही गेलेली नव्हती. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले होते, प्रगतिपुस्तकात याची नोंद काय म्हणून करावी. आम्ही ‘उत्तीर्ण’ असे कळवले.